मिठाच्या कणकेचे लटकन: फुगतात का, तडकतात का आणि पावसाळ्यात पाझरतात का?

नागपुरातल्याच एका आईचा प्रश्न आहे. जुलैत पावसाने मुलं घरात अडकली, तेव्हा त्यांनी दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि पाणी मळून वीसेक लटकन केले. काही ओव्हनमध्ये पुरीसारखे फुगले. काही पंख्याखाली वाळवले, त्यांना चिरा गेल्या. जे चांगले निघाले ते रंगवून, वरून वॉर्निश मारून दारावर टांगले, तर पोळ्यापर्यंत ते चिकट झाले आणि मागून ओलसर लागू लागले. त्यातच चार वर्षांच्या लेकीच्या तळव्याचा ठसा असलेली एक चकती आहे. आता दिवाळीला बिल्डिंगमधल्या साठ दारांसाठी लटकन करायचे आहेत. मैद्याऐवजी दुसरं पीठ घेऊ का, मीठ वाढवू का, आणि ती चकती वाचेल का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, पीठ बदलू नका आणि मीठही वाढवू नका. तुमचं प्रमाण बरोबर आहे. तिन्ही बिघाड पाण्याचे आहेत. फुगले त्यांच्यातलं पाणी वाफ होऊन एकदम बाहेर पडायला गेलं. तडकले त्यांचं वरचं पाणी आधी गेलं आणि आतलं मागे राहिलं. चिकट झाले त्यांच्यात गेलेलं पाणी परत आलं. मी नागपूरच्या महाल भागात बावीस वर्षं रुखवताच्या वस्तू करते आणि उन्हाळ्यात मुलांचे वर्ग घेते. माझ्याकडे बिघडलेलं जे काही येतं त्यातलं बहुतेक सगळं वाळवण्यात बिघडलेलं असतं, मळण्यात फार थोडं.

तरी मळण्यापासूनच सुरू करते, कारण साठ नग करायचे म्हणजे घाणे ठरवून घ्यायला हवेत. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाऊण ते एक वाटी कोमट पाणी. हे वाटीचं माप आहे, वजनाचं नाही, आणि इथे पुष्कळ जणी चुकतात. २४० मिलीची मोठी वाटी धरली तर दोन वाट्या मैदा अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि एक वाटी बारीक मीठ त्याहून जड, २८० ग्रॅमच्या आसपास. काट्यावर दोनास एक मोजलंत तर मीठ निम्म्याहून कमी पडेल आणि वस्तू पोळीच्या कणकेसारखी नरम, लवकर बुरशी धरणारी होईल. एका घाण्याचं साधारण ७३० ग्रॅम पीठ होतं. ४० ग्रॅमचा एक लटकन धरला तर त्यात अठरा बसतात. साठांसाठी चार घाणे मळा, सत्तर नग करा. दहा तुटतील असं धरूनच चालायचं, मुलं हाताशी असली की जास्तच.

मीठ पाकिटातलं, बारीक, मोकळं सुटणारं घ्या. खडे मीठ मिक्सरमधून काढून वापरू नका. मिठागराच्या खड्यात मॅग्नेशियम क्लोराइड उरलेलं असतं आणि ते हवेतलं पाणी साध्या मिठापेक्षा फार लवकर ओढतं. जुन्या घरातली मिठाची बरणी पावसाळ्यात तळाशी ओली होते ती त्यामुळेच. बारीक मीठ का, याचंही कारण सांगते. शंभर मिली पाण्यात मीठ विरघळतं ते जास्तीत जास्त ३६ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे तुमच्या वाटीभर पाण्यात फार तर पंच्याऐंशी ग्रॅम मीठ विरघळणार, बाकीचं दोनशे ग्रॅम दाण्याच्याच रूपात पिठात राहणार. तो दाणा जाड असला तर चकतीच्या तोंडावर देवीचे व्रण असावेत तशी खळगी दिसतात.

गव्हाच्या कणकेने करू नका असं नाही, पण तिच्यात कोंडा आणि अंकुरातलं तेल असतं. रंग मातकट येतो, कडा चिरतात, आणि वर्षभरात खवट वास येऊन किडे लागतात. मुलांना एका दुपारचा खेळ हवा असेल तर कणीक चालेल. दारावर टांगायला मैदाच.

आठ-दहा मिनिटं नीट मळा. मिठामुळे पीठ आधी रेताड लागतं, मग हळूहळू घट्ट आणि गुळगुळीत होत जातं. बोट दाबून काढलं की खळगा तसाच राहायला हवा आणि बोटाला काही चिकटता कामा नये. मग ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. न मुरवलेलं पीठ लाटलं की परत आक्रसतं, आणि गोल कापलेली चकती वाळेपर्यंत लंबगोल होते. लागेल तेवढाच गोळा बाहेर काढा, बाकीचा झाकून ठेवा.

आकार देण्यासाठी बाजारातून साचे आणायची मला तरी गरज वाटत नाही. आपल्याकडच्या बायकांचे हात पिठावर पिढ्यान्पिढ्या बसलेले आहेत. गव्हले वळणारी आजी ज्या चिमटीने गव्हाच्या दाण्याएवढा गव्हला करते, त्याच चिमटीने तोरणाचे मोती होतात. नखुलीसाठी नखाने जो खळगा पाडतात, त्याच खळग्याच्या पाच पाकळ्या एकत्र चिकटवल्या की झालं फूल. आमरसाबरोबर आपण सरगुंडे खातो, ते काडीवर पिठाची दोरी गुंडाळून करतात, आणि तीच गुंडाळी मिठाच्या कणकेने केली तर अख्खी झुंबराची माळ उभी राहते. करंजीचं कातणं, वाटी, चकलीचा सोऱ्या, किसणीची पाठ, एवढी हत्यारं पुरे. पिंपळाचं किंवा आंब्याचं पान मागची बाजू पिठाला लावून ठेवा आणि त्यावरून लाटणं फिरवा, शिरा जशाच्या तशा उमटतात. मागचीच बाजू पिठाला लावायची, शिरा तिथे उठावदार असतात.

पीठ मळून वस्तू घडवणं जगभर चालतं. जर्मनीत नाताळच्या झाडाला मिठाच्या कणकेचे तारे टांगतात, इक्वेडोरमधल्या काल्डेरोन गावात पिठाच्या रंगीत बाहुल्या होतात, चीनमध्ये काडीवर पिठाची माणसं घडवून विकतात. आपल्याकडे पिठोरी अमावास्येला पिठाच्या मूर्ती करून पुजायची पद्धत आहे, आणि तोच आपला पोळ्याचा दिवस. म्हणून मी वर्गात पहिला आकार बैलाचाच देते. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल फिरवतात, तेव्हा स्वतः केलेला छोटा नंदी दप्तराला लटकवून आलेलं पोर काय ऐटीत असतं, ते बघावं.

नागपूरचं लटकन म्हणजे संत्रं हवंच, म्हणून ते कसं करते ते सविस्तर सांगते. भरीव गोळा करू नका. लिंबाएवढा भरीव गोळा आतून वाळायला पंधरा-वीस दिवस घेतो, आणि बहुतेक वेळा त्याआधीच तडकतो. पोळी गुंडाळायची चांदीसारखी फॉइल घट्ट चुरगाळून बोराएवढी गोळी करा. तिच्यावर अर्धा सेंटिमीटर जाडीचा पिठाचा थर चढवा आणि तळहातात फिरवून सांधा मोडा. वरून आणि खालून अंगठ्याने किंचित दाबा, कारण नागपुरी संत्रं चेंडूसारखं नसतं, डोक्याला चपटं असतं. मग जुना, कडक झालेला टूथब्रश घेऊन सगळ्या अंगावर हलक्या हाताने टोचत जा. सालीवरची भोकं हुबेहूब येतात. देठाच्या जागी लवंग खोचा, फुलाचा गोळा काढून टाकलेली, नुसती दांडी. पान वेगळं करून चिकटवायचं, पण नुसतं पाणी लावून नाही. दोन्ही बाजूंना सुईने ओरखडे पाडा, चिमूटभर पिठात पाणी घालून केलेली पातळ लगदी लावा, मग दाबा. नुसत्या पाण्याने जोडलेलं पान वाळताना सुटून येतं. बैलाची शिंगं आणि वशिंडसुद्धा असंच जोडा. शिंगात टूथपिकचा तुकडा घातलात तर मुलाच्या हातून पडल्यावर शिंग जागेवर राहील.

जाडी सगळीकडे सारखी ठेवा. सपाट लटकनाला ५ ते ६ मिलिमीटर पुरे. पोळपाटाच्या दोन बाजूंना दोन सारख्या पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणं फिरवलं की जाडी आपोआप सारखी येते. तुमच्या चिरा बहुधा इथून आल्या: एक कड पातळ, मध्य जाड, पातळ कड आधी वाळून आखडली आणि जाड भागाने तिला ओढून फाडलं. भोक स्ट्रॉने, कडेपासून एक सेंटिमीटर आत पाडा. अर्धं वाळल्यावर एकदा परत स्ट्रॉ फिरवून मोकळं करा.

आता वाळवण. साध्या मिठाचा स्वभाव असा की हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. नागपुरात जुलै-ऑगस्टमध्ये सकाळची हवा बहुतेक दिवस याच्याहून ओली असते. म्हणजे तुमचे लटकन दारावर टांगल्या दिवसापासून रोज पाणी पीत होते, वॉर्निश नसलेल्या बाजूने. आपल्याकडे आधीच्या बायकांनी कुरडया, सांडगे, पापड सगळं पावसाआधी उरकून ठेवायचा नियम केला, तोच या कामालाही लावा. एप्रिल-मे उत्तम. दसऱ्यानंतर पाऊस गेला की दिवाळीपर्यंतचा काळ चांगला. डिसेंबर-जानेवारीत ऊन मवाळ असलं तरी हवा कोरडी असते, दिवस थोडे जास्त लागतात इतकंच. तुमचे साठ लटकन दसरा झाल्यावर हाती घ्या. एखादी पावसाची झड परत आली तर सरळ थांबा.

मे महिन्याबद्दल एक सांगायलाच हवं, कारण मी स्वतः पहिली दोन वर्षं तिथेच मार खाल्ला. पारा ४५ च्या वर, गच्चीवर पापड तासाभरात कडक होतो, मग लटकनही तिथेच ठेवू, असं वाटतं. एका लग्नाच्या रुखवतासाठी केलेले चाळीस तुकडे मी नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, सकाळीच गच्चीवर मांडले. दुपारी उचलायला गेले तर सगळे द्रोणासारखे वर वळलेले. पापड कागदाएवढा पातळ असतो. सहा मिलिमीटरच्या चकतीचं वरचं अंग उन्हात आखडतं आणि खालचं ओलंच असतं. तेव्हापासून पहिले चोवीस तास सावलीत ठेवते, जाळीवर किंवा वेताच्या सुपात, म्हणजे खालूनही हवा लागते. दर चार-पाच तासांनी उलटते. कडक झाल्यावर मगच ऊन.

आणि कूलरच्या खोलीत ठेवू नका! आपल्याकडे मार्चअखेरपासून घराघरात कूलर लागतात, मुलं त्याच्याच समोर बसून काम करतात आणि तिथेच ताट ठेवून देतात. कूलर हवेत पाणी सोडूनच खोली गार करतो. बाहेरची हवा खडखडीत कोरडी आणि आपण वस्तू ठेवतो घरातल्या एकमेव ओल्या कोपऱ्यात. साधा पंखा असलेली खोली किंवा झाकलेला व्हरांडा बरा.

ओव्हन वापरायचाच असेल तर ओटीजी, ९० ते १०० अंशांवर. दोन ते तीन तास लागतात, दर अर्ध्या तासाने उलटायचं, आणि दार लाकडी चमच्याने किंचित उघडं ठेवायचं म्हणजे वाफ बाहेर जाते. दीडशे-पावणेदोनशेवर लावलंत की बिस्किटासारखे फुगून तांबूस होणारच. तुमचं तेच झालं असणार. मायक्रोवेव्ह अजिबात नको. मी बऱ्याचदा दोन दिवस पंख्याखाली ठेवून मग तासभर ओव्हनमध्ये घालते, त्यात फुगण्याचा प्रश्नच येत नाही.

वाळलं की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. वरून पांढरंफेक दिसतं आणि आत ओल असते. गालाला लावून बघा: ओलं असेल तर गार लागतं. फरशीवर टिचकी मारा: वाळलेलं टणटण वाजतं, ओलं बद्द आवाज करतं. सगळ्यात भरवशाचा मात्र स्वयंपाकघरातला छोटा काटा. ताज्या लटकनाच्या मागे पेन्सिलने वजन कोरून ठेवा. चाळीस ग्रॅमचा लटकन वाळून एकोणतीस-तीसवर येतो. सकाळ-संध्याकाळ वजन करा. दोन वजनांत फरक पडला नाही की समजा झालं. ३३-३४ वर असताना रंगवलंत तर आतलं पाणी रंगाखाली कोंडलं जाईल, आणि पुढे पापुद्रे सुटतील.

रंग ॲक्रिलिक घ्या, पातळ दोन हात. पोस्टर कलर वाळल्यावरही पाण्याने सुटतात आणि वॉर्निशमध्ये पसरतात. मुलांना पिठातच रंग घालायची हौस असते, ती करू द्या, पण हळदीचा पिवळा उन्हाने महिन्या-दोन महिन्यांत उडतो हे आधीच सांगा. गेरू उडत नाही. गेरू पिठात मळून त्यावर पांढऱ्या ॲक्रिलिकने रांगोळीचे ठिपके दिलेला लटकन दारावर फार शोभतो, आणि लहान मुलांनाही ठिपके जमतात.

वॉर्निश दोन्ही बाजूंना, कडांना आणि भोकाच्या आतल्या भिंतीलाही. तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर पूर्ण वाळू द्या. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून भोकातून फिरवला की तिथेही लागतं. मागची बाजू कोण बघतं म्हणून ती सोडून देतात, आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं. पाण्यात कालवलेला फेविकॉल वॉर्निशऐवजी चालतो का, असं पुष्कळ जणी विचारतात. घरात, कोरड्या दिवसांत चालतो. पावसाळ्यात तो स्वतःच नरम पडतो.

टांगायला सुती दोरा, लोकर किंवा सुतळी. तार, टाचणी, यू-पिन पिठात खोचू नका. मिठाने लोखंड गंजतं आणि गंजाचा तपकिरी ओघळ रंगातून वर येतो. तांब्याची तार हिरवी पडते.

एक गोष्ट मुलांच्या कानावर घालाच, आणि घरातल्या मोठ्यांच्याही. उरलेलं पीठ गाईला किंवा गल्लीतल्या कुत्र्याला घालायचं नाही. आपल्याला शिळी पोळी, उरलेला उंडा जनावराला द्यायची सवय असते आणि हात आपसूक तिकडे जातो. या पिठात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मीठ आहे. कुत्र्याने एक गोळा खाल्ला तरी मिठाची विषबाधा होऊन जीव जाऊ शकतो. घरात कुत्रा असेल तर वाळत घातलेलं ताटही त्याच्या तोंडाला येणार नाही असं उंच ठेवा, आणि त्याने खाल्लंच तर वाट न बघता प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. लहान मुलांनाही तोंडात घालू देऊ नका. उरलेलं कुंडीत पुरू नका, मिठाने रोप जळतं. ते कचऱ्यातच.

साठ लटकन दिवाळीनंतर उतरवले की जुन्या सुती कापडात एकेक गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या. नव्या चपलांच्या, पर्सच्या खोक्यातून त्या मिळतात, टाकून देऊ नका. जूनच्या आधी डबा बंद झालेला असला पाहिजे. बाहेर टांगलेलं काहीही पावसाळाभर ठेवू नका, कितीही वॉर्निश असलं तरी.

आता लेकीची चकती. ती वाचेल, पण आता घाई करू नका आणि ओव्हनमध्ये मुळीच घालू नका. दोरा काढून घ्या. सिलिका जेलच्या दहा-बारा पुड्या घालून बंद डब्यात ठेवा, मागची बाजू वर करून, आणि हवा कोरडी होईपर्यंत तिथेच राहू द्या. दसऱ्यानंतर ती जाळीवर पंख्याखाली आठेक दिवस ठेवा आणि रोज वजन लिहा. पुढच्या बाजूला वॉर्निश आहे म्हणून पाणी मागूनच निघेल, तेव्हा ती बाजू मोकळी हवी. वजन थांबलं की मागून बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, पांढरा क्षार निघून जाईल. चीर गेली असेल तर मैदा-मिठाचीच लगदी बोटाने भरून परत दोन दिवस वाळवा. जिथे रंग सुटलाय तिथे कोरडा ब्रश फिरवून सुटलेलं काढा आणि तेवढ्याच जागी रंग भरा. बोटांच्या ठशात मात्र रंग किंवा लगदी जाऊ देऊ नका. तिथल्या बारीक रेषा एकदा बुजल्या की परत येत नाहीत, म्हणून तिथे नुसतं पातळ वॉर्निश टोकदार ब्रशने. मग मागे, कडांना, भोकात तीन हात. शेवटचा हात देण्याआधी मागच्या बाजूला पेन्सिलने तिचं नाव, वय आणि महिना लिहून घ्या.